किती किलोमीटरने चुकलात?

द्वितीय वर्ष, कला

आपल्याकडे एस.टी.च्या बाकावर दोन अनोळखी माणसे शेजारी आली की पाच मिनिटांत एकजण दुसऱ्याला विचारतो, "कुठले तुम्ही?" गाव कळले की तालुका, तालुका कळला की ओळखीपाळखी, आणि मग उरलेला प्रवास सुखाने होतो. हा प्रश्न मला लहानपणापासून आवडत आला आहे. पण पुण्याला शिकायला आल्यापासून या प्रश्नाचे एक दुसरेच रूप मी पाहिले. त्यात समोरचा माणूस प्रश्न विचारीतच नाही. तो तुमच्याकडे पाहतो, तुमचे दोन शब्द ऐकतो आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतो. या दुसऱ्या रूपाविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत. ते मला सुचले एका खेळावरून. तेव्हा आधी त्या खेळाविषयी सांगते.

खेळाचे नाव जिओगेसर. स्वीडनमधील आंतोन वालेन यांनी तो २०१३ साली तयार केला. गूगल कंपनीने २००७ पासून, छतावर कॅमेरा बसवलेल्या मोटारी देशोदेशींच्या रस्त्यांवरून फिरवून चौफेर छायाचित्रे काढली आहेत आणि ती नकाशाला जोडली आहेत. त्याच चित्रांचा हा खेळ. पडद्यावर जगातला कुठलातरी रस्ता येतो. त्याचे नाव सांगितलेले नसते. आपण मान वळवावी तसे ते चित्र चहूकडे फिरवता येते, बाणावर बोट ठेवून पुढे जाता येते. मग कोपऱ्यातला जगाचा नकाशा उघडायचा आणि ही जागा अमुक ठिकाणची असे ठरवून तेथे खूण रोवायची. खूण रोवली की खरी जागा दिसते, दोहोंच्या मध्ये एक रेघ ओढली जाते, आणि आपण किती किलोमीटरने चुकलो तो आकडा समोर येतो. जितके जवळ, तितके गुण अधिक. एका डावात पाच जागा, प्रत्येक जागेला जास्तीत जास्त ५,००० गुण. म्हणजे एकूण २५,०००. या खेळाची २०२३ साली स्टॉकहोमला जागतिक स्पर्धासुद्धा झाली.

आमच्या वसतिगृहात हा खेळ एका मुलीच्या लॅपटॉपमधून शिरला. मनसोक्त खेळायचे तर वर्गणी भरावी लागते. ती आम्ही चौघींनी मिळून भरली आणि रात्रीच्या जेवणानंतर एका खाटेवर दाटीवाटीने बसून खेळू लागलो. मी स्वतः आजवर महाराष्ट्राची हद्द ओलांडलेली नाही. माझ्या घरात महाविद्यालयात शिकायला आलेली मी पहिलीच. पुण्याला यायचे ठरले तेव्हा सोबत कोण येणार यावर घरात आठ दिवस खल चालला होता. आणि येथे खाटेवर बसल्या बसल्या मी कोणालाही न विचारता पेरूच्या घाटातून चालत होते, नॉर्वेच्या समुद्रकाठच्या वळणावर थांबत होते! हे सुख काय असते ते ज्याच्या घरून एकट्याने निघण्याची परवानगी लवकर मिळत नाही त्यालाच कळेल.

हा खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, असे म्हणणारी वडीलधारी मंडळी आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही. दहावीपर्यंत आम्ही भूगोल शिकलो तो नकाशात नावे भरण्यापुरता. सूर्य दक्षिण गोलार्धात मध्यान्ही उत्तरेकडे दिसतो, हे वाक्य मी पाठ केले होते. पण सावल्या पाहून 'ही जागा विषुववृत्ताच्या खालची' असे पहिल्यांदा ओळखले तेव्हा त्या वाक्याचा अर्थ कळला. वाहने डावीकडून चालतात की उजवीकडून, यावरून इंग्रजांचे राज्य कोठे कोठे होते ते ध्यानात येते; आणि जपान व थायलंड येथे इंग्रजांचे राज्य नसतानाही वाहने डावीकडून चालतात, तेव्हा तो नियमही आंधळेपणाने लावून चालत नाही. युरोपात रस्त्याच्या मधली रेघ बहुतेक ठिकाणी पांढरी. नॉर्वेत ती पिवळी. दक्षिण आफ्रिकेत कडेची रेघ पिवळी. पाटीवर ã आणि õ दिसले तर पोर्तुगीज, ñ दिसला तर स्पॅनिश. सिंहली लिपी गोलाकार. तिच्याशेजारी तमिळ आणि इंग्रजी असेल तर श्रीलंका. विजेचा खांब, मातीचा रंग, छपराचा उतार, कुंपणाची तार, यांतील काहीच क्षुल्लक नसते. डोळे उघडे ठेवण्याची ही सवय मला या खेळाने लावली, आणि त्याबद्दल मी त्याचे उपकार मानते.

तथापि जसजशी मी तरबेज होऊ लागले तसतशी एक गोष्ट मला खटकू लागली. मुरलेले खेळाडू देश ओळखतात तो पुष्कळदा देशाकडे न पाहताच. केनियाची कित्येक छायाचित्रे घेणाऱ्या मोटारीला, इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून हवा ओढणारी एक उभी नळी बसवलेली होती. ती चित्राच्या कडेला दिसते. ती दिसली की डोळे मिटून 'केनिया' म्हणायचे. घानाच्या चित्रांत मोटारीच्या टपावरील कांबीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसते. मंगोलियाच्या चित्रांत टपावर बांधलेले मुक्कामाचे सामान. मला आता केनिया एका क्षणात ओळखता येतो. पण केनियातली माणसे काय पिकवतात, काय खातात, हे मला पूर्वीइतकेच ठाऊक आहे, म्हणजे नाहीच. मी ओळखते ती केनियात गेलेल्या मोटारीची नळी! ओळखणे निराळे आणि माहीत असणे निराळे, हे मला तेव्हा प्रथम जाणवले. पण गुण मिळत होते, त्यामुळे मी त्यावर फारसा विचार केला नाही.

विचार करायला लावले ते आपल्याच देशाने.

भारताची रस्त्यावरची चित्रे या खेळात उशिरा आली. २०११ साली बंगळूरला ती मोटार फिरू लागली तेव्हा पोलिसांनी ते काम थांबवले. पुढे २०१६ साली केंद्र सरकारने सुरक्षिततेच्या कारणावरून परवानगी नाकारली. २०२१ साली नकाशांविषयीचे नियम सैल झाले आणि जुलै २०२२ मध्ये दोन भारतीय कंपन्यांच्या साहाय्याने दहा शहरांची चित्रे प्रसिद्ध झाली. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर ही आपली चार होती. पुढे ही व्याप्ती वाढत गेली. त्यामुळे एका रात्री आमच्या पडद्यावर एक ओळखीचा रस्ता आला.

ओळखीचा म्हणजे, मी शपथेवर सांगितले असते की हा आमच्याकडचा. काळी जमीन, सोयाबीन, बांधावर बाभळी, रस्त्याकडेला ट्रॉली सुटलेला ट्रॅक्टर, आणि देवनागरी पाटीचे एक दुकान. पाटीवर 'किराना' असे ठळक लिहिलेले. मी म्हटले, "अगं, हे तर आमचंच!" आणि अकोल्याजवळ खूण रोवली. जागा निघाली मध्य प्रदेशातली, देवासच्या बाजूची. पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास चूक.

माझी एक मैत्रीण पाटीवर बोट ठेवून म्हणाली, "पाटी वाचली नाहीस का? 'ना' आहे, 'णा' नाही. मराठी पाटी असती तर 'किराणा' असतं." आणि मग दुसरी हसत म्हणाली, "तिला कसं कळणार? ती किरानाच म्हणते!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

ती म्हणाली ते खरेच होते. मी बुलडाणा जिल्ह्यातली, जळगाव जामोद तालुक्यातली. आमच्या वऱ्हाडी बोलीत 'ण' नाही. आम्ही पानी म्हणतो, लोनी म्हणतो, कोन म्हणतो. 'ळ'चा आम्ही 'य' करतो. डोळ्याला डोया म्हणतो, आणि आमच्याकडची म्हातारी माणसे आपल्या तालुक्याच्या गावालासुद्धा 'जयगाव' म्हणतात. १९५६ पर्यंत आमचा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता. उत्तरेकडे सातपुडा ओलांडला की आजही मध्य प्रदेशच लागतो. तेव्हा ती पाटी मला परकी वाटली नाही, यात नवल ते काय? माझी चूक ही अडाणीपणाची चूक नव्हती. तिला माझ्या घराचे कारण होते.

दिवे मालवल्यावर मला झोप आली नाही. एक जुनी गोष्ट आठवत होती. पुण्यात मी तोंड उघडले की पहिला अंदाज ठरलेला असतो: "नागपूरची का गं तू?" 'काय करून राहिली?' असे मी चुकून म्हणाले की झाले. विदर्भ म्हणजे नागपूर. मी जळगाव जामोद म्हटले तर, "अच्छा, जळगाव! केळीवाले!" म्हणजे आमचा तालुका उचलून थेट खानदेशात. अखेर मी 'शेगावजवळ' एवढेच सांगू लागले. त्या रात्री मी मोबाईलवर नकाशा उघडला आणि माझ्या गावापासून नागपूरपर्यंत सरळ अंतर मोजले. अडीचशे किलोमीटरहून अधिक भरले. म्हणजे मी देवासच्या त्या रस्त्याबाबत जेवढी चुकले, जवळजवळ तेवढेच पुणे माझ्याबाबत रोज चुकते! फरक इतकाच की, माझी चूक पडद्यावर रेघेने दाखवण्यात आली आणि चौघीजणी हसल्या. पुण्याची चूक कोणी दाखवीत नाही.

नागपूर म्हटल्याने माझे काही बिघडत नाही, हे खरे. पण अंदाज तेवढ्यावर थांबत नाही. पहिल्या वर्षी एका ओळखीच्या बाईंनी मी विदर्भातली म्हटल्यावर आवाज खाली करून विचारले, "बाबा आहेत ना गं तुझे?" मला प्रथम प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा पोटात कालवले. वर्तमानपत्रांतून त्यांनी वर्षानुवर्षे वाचलेल्या बातम्या खऱ्या आहेत. आमच्या भागात तसे दुःख घरोघर पाहिलेली माणसे आहेत, आणि त्या बाईंच्या मनात दयाच होती. परंतु माझे वडील चांगले धडधाकट आहेत. ते दोन एकर कोरडवाहू जमीन कसतात, कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये रोजाने जातात, आणि रागावले म्हणजे चार घरे ऐकू जाईल इतके मोठ्याने बोलतात. माझ्या 'करून राहिली' एवढ्या दोन शब्दांवरून कोणीतरी त्यांना मनातल्या मनात नाहीसे करून टाकले होते. दयेपोटी केलेला अंदाजही किती दूरवर जाऊन पडतो ते मी त्या दिवशी पाहिले.

आणखी एक अंदाज आहे. तो 'पूर्ण नाव सांग' या तीन शब्दांनी सुरू होतो. आडनाव ऐकल्यावर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जी हालचाल होते, ती ज्यांनी अनुभवली आहे त्यांना अधिक सांगणे नको. ज्यांनी अनुभवली नाही त्यांना सांगून कळणार नाही. त्या क्षणी तेथे खूण रोवली गेलेली असते. मग तुम्ही शिष्यवृत्तीच्या खिडकीसमोर उभे असा, की गुणवत्ता यादीसमोर.

कोणी म्हणेल, तू स्वतः काय केलेस? तेही सांगते. पहिल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या एकांकिकेत मला भूमिका मिळाली ती मोलकरणीची. "तुझी भाषा आयती आहे," असे मला सांगण्यात आले. त्या एकांकिकेत डॉक्टर होता, प्राध्यापिका होती, कॉलेजातली नायिका होती. वऱ्हाडी बोलणारे पात्र मात्र एकच, आणि त्याच्या हातात केरसुणी. मी पहिल्यांदा "बाईसाहेब, पानी आनू का?" म्हणाले आणि सभागृह हसले. दुसऱ्यांदा मी ते वाक्य मुद्दाम अधिक लांबवले. आणखी हशा झाला. मला टाळ्या मिळाल्या आणि त्या मला आवडल्या, हे मी लपवीत नाही. परंतु त्याच सुमारास मी वर्गात प्रश्न विचारणे बंद केले. मनात प्रश्न तयार झाला की आधी त्यातले 'ण' आणि 'ळ' मोजायचे, ते नीट उच्चारता येतील का याचा हिशेब करायचा. तोवर सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असत.

माझा राग केवळ इतरांवर असता तर मी हा लेख लिहिला नसता. पण या खेळातली अर्धी बाजू माझीही आहे. माझी खोलीतली सोबतीण अत्यंत स्वच्छ बोलते. तिचे 'ण' कसे, नाण्यासारखे खणखणीत! कपडे साधे पण इस्त्रीचे, वहीतले अक्षर छापल्यासारखे. मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकले: पुण्यामुंबईचे सुखवस्तू घर, आईवडील दोघेही शिकलेले, घरात पुस्तकांचे कपाट. या अंदाजावर मी तीन महिने काढले. तिच्याकडे टिपणे मागितली नाहीत, मेसचे पैसे भरायला उशीर झाला तेव्हा तिच्यापुढे अवाक्षर काढले नाही. दिवाळीच्या सुटीआधी सामान बांधताना ती सहज म्हणाली की, तिची आई वाई तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडीत मदतनीस आहे, वडील लहानपणीच गेले, आणि बोलणे सुधारले ते प्राथमिक शाळेतल्या बाईंमुळे. त्या रोज वर्गापुढे एक पान मोठ्याने वाचून घेत. तिच्या घरातलीही ती पहिलीच कॉलेजला आलेली. म्हणजे आम्ही दोघी एकाच वाटेने आलो होतो आणि तीन महिने एका खोलीत राहून परक्या होतो. वडील आहेत की नाहीत, हा प्रश्न पुण्यात मला विचारला गेला. ज्या मुलीचे खरोखर नव्हते तिला तो विचारावा असे कोणालाच वाटले नाही, मलासुद्धा नाही. तिच्या शुद्ध बोलण्याने आम्हा सर्वांना फसवले होते. किंवा खरे सांगायचे तर, आम्ही आपखुशीने फसलो होतो.

दिवाळीत घरी गेले तेव्हा हा खेळ मी माझ्या वडिलांना दाखवला. युक्रेनमधला एक रस्ता लागला होता. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत नांगरलेली काळीभोर जमीन. युक्रेनची काळी माती प्रसिद्ध आहे. आपली काळी माती बसाल्टच्या खडकापासून झालेली, तर तिकडची हजारो वर्षे गवत कुजून. हे मी पुस्तकातले सांगू लागले. वडिलांचे लक्ष नव्हते. त्यांनी चष्मा पुसला, मोबाईल हातात घेतला आणि म्हणाले, "जमीन तं कायीच हाये. काय पेरत असतीन? अन् पानी कसं हाये तिथलं, गोडं का खारं?"

ही जागा कुठली, हे त्यांनी विचारलेच नाही. पाणी गोडे की खारे, हा प्रश्न आमच्या पट्ट्यातला माणूसच विचारील. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून खारपाण पट्टा पसरला आहे. तेथे विहिरीला पाणी लागले म्हणून आनंद करता येत नाही, आधी चाखून पाहावे लागते. खाऱ्या पाण्याने पीक जळते आणि माणसाच्या शरीराचीही हानी होते. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते आणि त्या चित्रातही नव्हते. शिवाय ते चित्र जुने होते. २०२२ साली तेथे युद्ध पेटले. मला लागलेले चित्र त्याच्या आधीचे. त्या रस्त्यावर आज काय उरले आहे, ती जमीन कोणी पेरली की नाही, याचा त्या चित्राला पत्ता नव्हता. मी मात्र पाटीवरच्या 'ї' या अक्षरावरून देश ओळखून जवळजवळ पूर्ण गुण मिळवले होते.

तेव्हा माझ्या मनात आले, पुण्यात माझ्या 'पानी'मधला 'न' सर्वांनी ऐकला. त्या पाण्याची चव मात्र कोणी विचारली नाही.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील, ते मला दिसतात. पहिला असा की, अंदाज बांधणे हा मनुष्याचा स्वभाव आहे. अंदाज न बांधता जगता येणार नाही. मान्य आहे. वडील ढग पाहून पावसाचा अंदाज बांधतात, आई पावलांच्या आवाजावरून कोण आले ते ओळखते. मी अंदाजाच्या विरुद्ध नाही. उलट मी म्हणते की, हा खेळ अंदाज बांधण्याची खरी रीत शिकवतो. या खेळात खूण रोवल्यावर काम संपत नाही. खरी जागा पाहावीच लागते, आणि चुकीचा आकडा वाचावाच लागतो. त्यामुळेच खेळाडू सुधारतो. किरानाची चूक मी पुन्हा करणार नाही, कारण ती मला दाखवली गेली. माणसांच्या बाबतीत आपण फक्त पहिला अर्धा डाव खेळतो. खूण रोवतो आणि पडदा बंद करतो. मग वीस वर्षे तीच चूक करीत राहिलो तरी आपल्याला वाटते, आपले निरीक्षण मोठे अचूक!

दुसरा आक्षेप असा की, एवढ्याशा चुकीने काय होते? नागपूर काय, बुलडाणा काय, दोन्ही विदर्भच. याचेही उत्तर खेळातच आहे. देवासच्या त्या डावात पावणेतीनशे किलोमीटर चुकूनही मला ५,००० पैकी ४,००० हून अधिक गुण मिळाले. जगाच्या नकाशावर तेवढे अंतर ही किरकोळ चूक ठरते. परंतु गुण देणारा आकाशातून पाहतो. त्या पावणेतीनशे किलोमीटरमध्ये सातपुडा आहे, तापी आहे, नर्मदा आहे आणि लाखो माणसे आहेत. चूक लहान की मोठी हे लांबून पाहणाऱ्याने ठरवायचे की तेथे राहणाऱ्याने?

याच खेळातल्या एका नामांकित खेळाडूची गोष्ट मला फार आवडते. ट्रेव्हर रेनबोल्ट हा अमेरिकन तरुण क्षणार्धात चमकून गेलेल्या चित्रावरून देश ओळखून दाखवतो. त्यासाठीच तो प्रसिद्ध झाला. पण लोक त्याच्याकडे आपल्या दिवंगत आईवडिलांची जुनी छायाचित्रेही पाठवतात, ही कोठे काढली ते शोधून देशील का म्हणून. आणि त्याने तशी ठिकाणे शोधून दिली आहेत. तेव्हा तो क्षणार्धात उत्तर देत नाही. तासन् तास नकाशे धुंडाळतो. कसब तेच, पण एकीकडे ते आपली हुशारी दाखवण्यासाठी आणि दुसरीकडे कुणाच्यातरी हरवलेल्या जागेसाठी. आपण आपली नजर कोणत्या कामाला लावायची, हे आपल्या हाती आहे.

माझी सूचना साधी आहे. भूगोलाच्या तासाला हा खेळ अवश्य खेळावा. माझ्या मते नकाशाभरणापेक्षा त्यातून अधिक शिकायला मिळेल. आणि आपण आपसांतही तो पुरा खेळावा. कुणाचे बोलणे ऐकून मनात गाव उमटले, तर उमटू द्यावे. पण पुढचा प्रश्न जरूर विचारावा. 'नागपूरची का?' असे म्हणण्याऐवजी 'कुठली गं तू?' असे विचारायला तेवढाच श्वास लागतो. गाव कळले की तेथे काय पिकते, पाणी कसे आहे, घरी कोण कोण आहे, हे विचारावे. आणि एकांकिका लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे की, पुढच्या वेळी वऱ्हाडी बोलणाऱ्या पात्राच्या हातात एकदा तरी स्टेथोस्कोप देऊन पाहा. प्रेक्षक कदाचित हसतील. हसले तर हसू द्या. निदान आपण किती किलोमीटरने चुकत होतो ते त्यांना घरी जाताना तरी कळेल.

या सत्रात मी पुन्हा वर्गात प्रश्न विचारू लागले आहे. अजून उच्चार चुकतात. परवा मी 'पाणलोट क्षेत्र' असे म्हणता म्हणता 'पानलोट' म्हणून गेले. मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसले. सरांनी मात्र प्रश्न पुरा ऐकला आणि विचारले, "तुमच्या भागात कुठली नदी?"

मी म्हटले, "पूर्णा." आणि मग पाच मिनिटे मी बोलत होते.